टोस्टवरचं पांढरं कालवण

फ्रीजरमधून काढलेला मटणाचा तुकडा काकांनी पाटावर ठेवला, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि पुन्हा आत सरकवला. "अजून दहा मिनिटं," ते म्हणाले. "पूर्ण गोठलं तर सुरी घसरते. नरम राहिलं तर काप जाड पडतात. मधलं पाहिजे."

ग्वाल्हेरच्या मुरार भागातलं हे स्वयंपाकघर. खिडकीखाली दोन शेगड्यांचा गॅस, भिंतीला टांगलेल्या तीन सुऱ्या आणि ओट्यावर वजनकाटा. घरगुती ओट्यावर वजनकाटा फारसा दिसत नाही. काकांच्या ओट्यावर तो कायम असतो, कारण त्यांचं सगळं आयुष्य फौजेतल्या अफसरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करण्यात गेलं. मूळचं घर लष्करातलं. किल्ल्याच्या दक्षिणेला दौलतराव शिंद्यांच्या सैन्याचा तळ १८१० च्या सुमारास पडला आणि त्या तळाभोवती जे शहर वाढलं, ते हे लष्कर. सैन्याबरोबर आलेली बरीच मराठी घरं इथेच राहिली. काकांचं घराणं त्यांतलं. घरात मराठी बोलतात, हिशोब हिंदीत करतात आणि स्वयंपाकाच्या गोष्टी सांगताना दोन्हींची सरमिसळ होते.

अमेरिकी सैन्याच्या जुन्या पाककृतीपुस्तकातला एक पदार्थ मी त्यांना सांगितला होता. वाळवलेल्या गोमांसाचे पातळ काप लोण्यात परतायचे, त्यावर मैदा आणि दूध घालून दाट पांढरं कालवण करायचं आणि ते टोस्टवर ओतून वाढायचं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बीफचं विसरा ताई. बाकी सगळं येतं आपल्याला. मेसमध्ये उरलेल्या मटणाचं हेच करायचो, नाश्त्याला."

अमेरिकी सैन्यानं १९१० साली छापलेल्या पुस्तिकेत ही कृती साठ जवानांच्या मापानं दिली आहे. वाळवलेल्या गोमांसाचे काप १५ पौंड, म्हणजे ६.८ किलो. चरबी १ पौंड, शक्यतो लोणी. त्या चरबीत भाजलेला मैदा सव्वा पौंड. आटवलेल्या दुधाचे १२ औंसांचे २ डबे. पार्सलीची एक जुडी, मिरपूड पाव औंस आणि गोमांसाचा रस्सा ६ क्वार्ट, म्हणजे जवळजवळ पावणेसहा लिटर. पहिल्या वाचनात डोळे मांसाच्या आकड्यावर थांबतात. माणशी ११३ ग्रॅम, तेही वाळवलेलं. पण खरी माहिती पातळ पदार्थांच्या आकड्यांत आहे. सुमारे सव्वासहा लिटरच्या या कालवणात दूध फक्त दोन डबे, म्हणजे दहावा हिस्सासुद्धा जेमतेम. बाकी सगळा हाडांचा रस्सा. नावाला दुधाळ असलेला हा पदार्थ मुळात रश्श्यात मैदा शिजवून केलेला होता. सैन्याकडे मांस भरपूर होतं आणि दूध डब्यातून यायचं, त्यामुळे प्रमाणही तसंच पडलं. पुढच्या काळात रस्सा मागे पडून दूध वाढत गेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत जवानांनी या पदार्थाला छापता येणार नाही असं नाव दिलं होतं आणि त्या नावाची आद्याक्षरंच सगळीकडे चालायची. कंटाळा आला की जवान त्याला शिव्या घालायचे आणि घरी परतल्यावर तोच बायकोकडून करून घ्यायचे.

ग्वाल्हेरमध्ये गोमांसाचा प्रश्न नवा नाही. महादजी शिंद्यांनी दिल्लीचा बादशहा शाह आलम याच्याकडून गोवधबंदीचं फर्मान मिळवलं होतं, हे त्यांच्या राजकारणातलं एक ठळक पान. त्याच घराण्याच्या राजधानीजवळ मुरारला इंग्रजांची छावणी होती. १८५७ च्या जूनमध्ये ग्वाल्हेर कंटिंजंट या फौजेनं उठाव केला तो इथेच. १८५८ मध्ये इंग्रज सेनापती ह्यू रोजनं मुरार आणि ग्वाल्हेर परत घेतलं. त्यानंतर किल्ला आणि मुरार इंग्रजांकडे राहिले आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात शिंद्यांकडे परत आले. भारतातल्या गोऱ्या शिपायाला रोज एक पौंड ब्रेड आणि एक पौंड मांस असा शिधा ठरलेला असे. म्हणजे टोस्ट आणि मांस या जोडीचा सगळा कच्चा माल ग्वाल्हेरच्या वेशीवर दशकानुदशकं उतरत होता. आज मध्य प्रदेशात २००४ च्या कायद्यानं गोवंशहत्येला पूर्ण बंदी आहे, आणि महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूही त्या बंदीत आले. काकांच्या मेसमध्ये बकरा आणि कोंबडी एवढंच शिजायचं. तेव्हा आज पाटावर आहे ती बकऱ्याची मांडी. खाटकाकडून हाड काढून आणलेली, अर्धा किलो.

दहा मिनिटांनी मांस पुन्हा बाहेर आलं. काकांनी ते डोळ्यांजवळ धरलं. "धागा कुठून कुठे जातोय ते बघा," ते म्हणाले. मांडीच्या मटणात स्नायूंचे तंतू लांब आणि एका दिशेला असतात. सुरी त्या दिशेनं चालवली तर प्रत्येक कापात लांब धागे राहतात आणि दातांना ते तोडावे लागतात. आडवी चालवली तर धागे कापतानाच आखूड होतात आणि शिजल्यावर काप तोंडात सुटतो. काकांनी तुकडा फिरवला, धागे आडवे आले आणि सुरी लागली. सुरी ते दाबत नव्हते, मागे-पुढे सरकवत होते. काप दोन मिलिमीटरपेक्षा जाड नव्हता. मधेच एक पांढरा, चिवट पापुद्रा लागला तो त्यांनी टोकानं सोडवून बाजूला टाकला. "हा शिजत नाही," ते म्हणाले. "कितीही शिजवा, रबरच." अर्धा किलो मटण कापायला त्यांना चहा थंड होईल एवढा वेळ लागला. दोन वेळा थांबून त्यांनी तुकडा फ्रीजरमध्ये ठेवला, कारण हाताच्या उबेनं तो नरम पडत होता.

मग मीठ. अर्ध्या किलोला तीस ग्रॅम, काट्यावर मोजून. थोडी साखर, भरपूर जाड कुटलेली मिरी. मी विचारलं, "लिंबू?" अँग्लो-इंडियन घरांत ख्रिसमसला करतात त्या मिठातल्या मांसाला लिंबाचा रस आणि सोरा चोळतात, हे मला माहीत होतं. काकांनी मान हलवली. "लिंबू लावलं तर पुढे दूध फाटेल. आंबट जराही नको." सोऱ्याबद्दल ते म्हणाले की जुने खानसामे वापरायचे, मांस गुलाबी राहतं, पण त्याचं माप चुकलं तर धोका, म्हणून त्यांनी कधी हात लावला नाही. सगळ्या कापांना दोन्ही बाजूंनी मीठ चोळून झालं आणि काचेच्या भांड्यात झाकून फ्रिजमध्ये गेलं. सकाळी भांड्याच्या तळाशी लालसर पाणी साचलेलं होतं. मिठानं ओढून काढलेलं. काकांनी ते ओतून टाकलं, काप फडक्यावर टिपले आणि जाळीवर एकेक करून पसरले. ती जाळी उघडीच फ्रिजच्या वरच्या खणात ठेवली. फ्रिजची हवा कोरडी असते. झाकण नसलेली कोथिंबीर तिथे का सुकते ते प्रत्येकाला ठाऊक आहे, काकांनी तोच दोष कामाला लावला. दुसऱ्या दिवशी काप गडद लाल झाले होते, कडा वर वळल्या होत्या आणि वाकवले तर तुटत नव्हते, दुमडत होते. काट्यावर वजन भरलं तीनशे ग्रॅमच्या आसपास. उरलेलं सगळं पाणी होतं.

वाळवलेलं गोमांस मराठी मुलखाला परकं आहे असं वाटणं हे आपल्या छापील पाकशास्त्राचं काम आहे. मराठवाड्यात मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून ठेवत, त्यांना चान्या म्हणतात. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ च्या पुस्तकात महार आणि मांग समाजांच्या खाण्याची नोंद केली, तेव्हा असे अनेक पदार्थ पहिल्यांदा मराठी पुस्तकात व्यवस्थित मांडले गेले. गावातलं मेलेलं जनावर ओढून नेणं हे ज्यांच्या गळ्यात जातीनं बांधलं होतं, त्यांच्या वाट्याला एकाच दिवशी खूप मांस यायचं आणि पुढे कित्येक दिवस काहीच यायचं नाही. ते टिकवणं भाग होतं. म्हणून पट्ट्या कापायच्या, वाळवायच्या, आणि लागतील तशा निखाऱ्यावर भाजायच्या किंवा कालवणात टाकायच्या. १९२७ मध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडून देण्याचं आवाहन केलं आणि अनेकांनी ते सोडलं. अमेरिकी सैन्यानं वाळवलेलं गोमांस निवडलं त्याचंही कारण टिकवणं हेच. फरक एवढाच की सैन्यानं ते विकत घेतलं, पुस्तिकेत छापलं आणि साठ माणसांचं माप ठरवलं. चान्यांचं माप कोणी छापलं नाही. काकांना हा शब्द माहीत नव्हता. मी सांगितल्यावर ते म्हणाले, "गरज एकच असेल तर रीतही एकच निघते."

तिसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झालं. पहिली पायरी मीठ उतरवण्याची. वाळलेले काप एका भांड्यात घेऊन त्यावर गरम पाणी ओतलं, उकळतं नव्हे. उकळत्या पाण्यात मांस लगेच आकसतं. पाच मिनिटांनी पाणी गढूळ झालं. काकांनी एक कोपरा तोडून चघळला, पाणी टाकलं, दुसरं गरम पाणी ओतलं, पुन्हा चाखलं. "आता," ते म्हणाले. काप घट्ट पिळले आणि बोटाएवढ्या रुंद पट्ट्यांत कापले. या पायरीत फसलेलं मांस नंतर कोणत्याही दुधानं सुधारत नाही. मीठ जास्त राहिलं तर सगळं कालवण खारट होतं, आणि म्हणूनच पुढे पांढऱ्या सॉसमध्ये काका मिठाचा डबा उघडत नाहीत.

बाजूच्या शेगडीवर दूध तापत होतं. म्हशीचं, सकाळीच आलेलं. ग्वाल्हेर-भिंड-मुरैना हा पट्टा दुधाचा. चंबळेच्या घळींभोवतालची भदावरी म्हैस तिच्या दुधातल्या चरबीसाठी ओळखली जाते. गाईच्या दुधात चरबी साधारण चार टक्के, मुऱ्हा म्हशीच्या दुधात सात, आणि भदावरीच्या दुधात आठच्या वर. आमचं दूध कोणत्या म्हशीचं होतं ते दूधवाल्यालाही सांगता आलं नसतं, पण पातेल्यावर जमलेली साय जाड होती. काकांनी आधी दूध पूर्ण उकळवलं. म्हणजे ते नासकं आहे की नाही ते कळतं. उन्हाळ्यात रात्रभर राहिलेलं दूध वरून ठीक दिसतं आणि उकळी आली की फाटतं. कालवणात फाटण्यापेक्षा आत्ता फाटलेलं बरं. उकळल्यावर ते कोमट होऊ दिलं आणि साय वाटीत काढून बाजूला ठेवली.

जाड बुडाची, सपाट तळाची कढई गॅसवर चढली. त्यात सत्तर ग्रॅम लोणी. वितळून फेस आला आणि फेस बसायला लागला तेव्हा काकांनी मांसाच्या पट्ट्या टाकल्या. चर्र आवाज झाला, मग थोडा वेळ नुसती वाफ. पट्ट्यांतलं उरलंसुरलं पाणी उडत होतं. ते उडाल्यावर आवाज बदलला, तडतड बारीक झाली आणि पट्ट्यांच्या कडा वळायला लागल्या. स्वयंपाकघरात भाजलेल्या मांसाचा वास भरला. काकू आतल्या खोलीतून म्हणाल्या, "खिडकी उघडा." काकांनी काहीच केलं नाही. त्यांचं लक्ष कढईत होतं. पट्ट्या कुरकुरीत करायच्या नव्हत्या, फक्त कडांना तपकिरी रंग आणायचा होता.

मग मैदा. सत्तर ग्रॅम, एका हातानं भुरभुरत, दुसऱ्या हातात लाकडी डाव. मैदा सरळ मांसावरच पडत होता आणि लोण्यात भिजत होता. साधारणपणे पांढरं सॉस करताना लोणी आणि मैदा वेगळे परततात, दूध घालतात आणि मांस शेवटी मिसळतात. काकांनी मांस असतानाच मैदा टाकला, आणि हाच जुना मार्ग आहे. मांसातून सुटलेली चरबी आणि चव मैद्याच्या प्रत्येक कणाला चिकटते. पण या मार्गात धोकाही आहे. पट्ट्यांच्या मधे सुका मैदा अडकून राहिला तर दूध पडल्यावर त्याच्या गाठी होतात. म्हणून डाव थांबत नव्हता. काका कढईच्या काठावरून आत, आतून काठाकडे ढवळत होते आणि तळ सतत खरवडत होते.

"नाक लावा," ते म्हणाले. मी वाकले. कच्च्या पिठाचा वास येत होता. दोन मिनिटांनी तो गेला आणि त्याच्या जागी खमंग वास आला, बेसनाचे लाडू करताना पीठ भाजत आलं की येतो तसाच. "बस्स. याच्या पुढे गेलात की रंग येतो." अमेरिकी पुस्तिकेत मैदा चरबीत तपकिरी करून घ्यायला सांगितलं आहे, कारण तिथे पुढे तपकिरी रस्सा पडतो. इथे दूध पडणार आहे, आणि मेसच्या अफसरांना पांढरं म्हणजे पांढरंच लागायचं.

दूध घालण्याचं काम सगळ्यात नाजूक. काकांनी गॅस मंद केला आणि कोमट दुधाचा एक पेला कढईत ओतला. क्षणात सगळं घट्ट झालं. पिठाचा गोळा, त्यात अडकलेल्या पट्ट्या, जणू काही बिघडलंच. ते शांतपणे डाव फिरवत राहिले. गोळा सैल झाला, चकचकीत झाला, आणि मगच दुसरा पेला पडला. तिसऱ्या पेल्यानंतर कालवण दिसायला लागलं आणि उरलेलं दूध त्यांनी एका धारेत ओतलं. एकूण एक लिटर.

यामागचं कारण सोपं आहे आणि ते कळलं की हात आपोआप तसाच चालतो. गव्हाच्या स्टार्चचे कण साठ अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतात. सुका मैदा एकदम गरम दुधात पडला तर बाहेरचे कण आधी फुगतात आणि चिकट पापुद्रा बनवतात. आत पाणी पोचत नाही, आणि गाठीच्या पोटात कोरडं पीठ राहतं. चरबीत परतलेल्या मैद्याचे कण एकमेकांपासून सुटे असतात, म्हणून दूध थोडं थोडं पडलं की प्रत्येकाला पाणी मिळतं. पूर्ण दाटपणा मात्र उकळीजवळ पोचल्यावरच येतो. म्हणून कालवण घट्ट झालं असं वाटलं तरी काकांनी गॅस बंद केला नाही. आठ-दहा मिनिटं ते मंद आचेवर बुडबुडत राहिलं. वाळलेलं मांस तेवढ्या वेळात दुधातलं पाणी परत पिऊन नरम झालं. डाव तळाला लागून फिरत राहिला, कारण दुधाचं आणि मैद्याचं कालवण तळाला धरलं की जळका वास सगळीकडे पसरतो आणि तो काढता येत नाही.

साठ माणसांचं माप आणि या कढईचं माप शेजारी ठेवलं की गंमत दिसते. पुस्तिकेत लिटरभर पातळ भागाला साधारण नव्वद ग्रॅम मैदा पडतो, काकांनी सत्तर घेतला. म्हशीच्या दुधातली चरबी आणि प्रथिनं स्वतःच कालवण भरीव करतात, त्यामुळे पीठ कमी लागतं. मांसाचंही तसंच. तिकडे माणशी ११३ ग्रॅम वाळवलेलं मांस, इथे सहा माणसांना तीनशे ग्रॅम, म्हणजे निम्मंसुद्धा नाही. ग्वाल्हेरमध्ये मटण महाग आणि दूध घराच्या दारात. अमेरिकी सैन्याकडे याच्या उलट होतं. पदार्थ तोच राहिला आणि स्वस्त-महागाच्या जागा बदलल्या तशी त्याची आतली वाटणी बदलली.

मध्य भारतातल्या राजवाड्यांना पांढरं मांस नवीन नव्हतं. सैलानाचे दिग्विजय सिंह यांनी १९८२ मध्ये पाककृतींचं जे पुस्तक काढलं, त्यानं माळव्याच्या संस्थानी स्वयंपाकघराची ओळख देशाला करून दिली. त्या पठडीतल्या सफेद मांसात दाटपणा येतो बदाम, खसखस, खोबरं आणि दही यांनी. कोल्हापूरच्या पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, तीळ आणि खसखस असते. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात, जो १८७४ मध्ये मायकेल फिलोस यानं बांधला, मेजवानीच्या टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरायची आणि पाहुण्यांपुढे ब्रँडी-सिगार आणून ठेवायची. त्या टेबलावर असं काही पांढरं येत असलंच तर ते बदामाचं असणार. मैद्यानं केलेला पांढरेपणा हा त्याचा स्वस्त भाऊ. पाव किलो बदामांच्या जागी सत्तर ग्रॅम पीठ, आणि शिपायांच्या मोठ्या भांड्यात शोभणारा. काका दोन्ही बाजूंना उभे राहिले आहेत. मेजवानीला बदामाचं, नाश्त्याला मैद्याचं. "अफसरांना फरक कळत नाही," ते म्हणाले. "ज्याला भूक असते त्याला गरम लागतं."

दाटपणा तपासायला त्यांनी डाव बाहेर काढला, उलटा धरला आणि पाठीवरून बोट ओढलं. बोटाची रेघ राहिली, दोन्ही बाजूंचं कालवण आत आलं नाही. गॅस बंद. वाटीतली साय मिसळली. ताजी मिरपूड आणि नखभर जायफळ. चाखलं, आणि मीठ खरंच लागलं नाही.

टोस्टची तयारी मात्र आदल्या दिवसापासूनच होती. काकांनी बेकरीतून पाव आणून कापून ठेवला होता, काप बोटभर जाड. ताजा पाव या कामाला चालत नाही. शिळ्या पावात स्टार्च पुन्हा घट्ट होतो, काप ताठ राहतो, आणि गरम कालवण ओतलं तरी लगेच कोसळत नाही. तवा तापला. तेल-तूप काही नाही. काप तव्यावर ठेवून उलथन्यानं दाबला, कडेकडेनं फिरवला, उलटला. दोन्ही बाजूंना एकसारखा तपकिरी रंग येईपर्यंत. आतलं पाणी उडाल्याशिवाय रंग येत नाही आणि पाणी उडाल्याशिवाय पाव कालवण पीत नाही, त्यामुळे रंग हाच पुरावा. मेसमध्ये कडा कापून त्रिकोण करत. घरी काकांनी कडा ठेवल्या. "कडा कापण्याचे पैसे मला आता कोण देतंय?"

ताट वाढताना घाई झाली. गरम टोस्ट, त्यावर डावभर कालवण मध्यभागी, काठापर्यंत न पसरवता, म्हणजे कडा कुरकुरीत राहतात. सुनेनं नातवाला हाक मारली, तो हातपाय धुवायला गेला, आणि काका अस्वस्थ झाले. "आधी बसा. मग वाढतो." मेसमध्ये हा नियम होता म्हणे. टोस्ट भाजायच्या आधी माणसं टेबलाशी हवीत. वाढल्यावर पाच मिनिटांत टोस्ट मऊ पडतो आणि कालवणावर साय धरते. दोन्ही मागे नेता येत नाहीत.

काकूंनी एक घास खाल्ला. "चव आहे," त्या म्हणाल्या, "पण हे आजाऱ्याचं जेवण आहे. तिखट कुठाय?" मराठा घरातल्या मटणाला सुकं खोबरं, मिरे, लाल मिरची आणि तेलाचा तवंग लागतो. त्यांनी दोन हिरव्या मिरच्या उभ्या चिरून स्वतःच्या ताटात टाकल्या. सून काही बोलली नाही, तिनं दुसरा टोस्ट घेतला. नातवानं कडा आधी खाल्ल्या आणि मधला भाग शेवटी. मला सगळ्यात आवडलं ते मांस आणि दुधाच्या मधे राहिलेलं अंतर. खारट, थोडं चिवट, मिरीनं जागं केलेलं मांस आणि त्याभोवती सौम्य, गोडसर दूध. पट्ट्या शिजून पार लुसलुशीत झाल्या असत्या तर हा पदार्थ पांढरा खिमा झाला असता. वाळवण्यानं आलेली थोडी झुंज दातांना शेवटपर्यंत जाणवते, आणि वाळवण्याचे दोन दिवस सार्थकी लागतात.

कढईत उरलेलं कालवण अर्ध्या तासानं मी पाहिलं तेव्हा वर जाड पापुद्रा होता आणि खाली ते इतकं घट्ट झालं होतं की डाव उभा राहिला. काकांनी त्यात थोडं गरम पाणी घालून सैल केलं, पण ते पहिल्यासारखं मोकळं झालं नाही. थंड झाल्यावर स्टार्च आवळतो आणि म्हशीच्या दुधातली चरबीही थिजते. तेव्हा मला त्या पुस्तिकेतल्या रश्श्याचं दुसरं कारण सुचलं. साठ जवान एकाच वेळी टेबलाशी बसत नाहीत. काही पहाऱ्यावर असतात, काही उशिरा येतात, आणि भांडं तासभर आचेवर उभं राहतं. दुधाच्या कालवणावर तेवढ्या वेळात साय धरेल आणि ते तळाला लागेल. रश्श्याचं कालवण टिकून राहतं. दूध डब्यातून यायचं हे खरंच, पण ते भरपूर असतं तरी त्या स्वयंपाक्यानं कदाचित एवढंच घातलं असतं. मी हे बोलून दाखवलं तेव्हा काका वजनकाटा पुसत होते. "साठ माणसांना हे दुधाचं मी कधीच करणार नाही," ते म्हणाले. "सहा असतील आणि सगळे वेळेवर बसत असतील, तरच करा."